गाव वसवणारे पहिले कोण? सीमाभागातील थळकरी, गतकुळे आणि वंशावळींचा शोध

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातल्या कोणत्याही गावी जाऊन 'हे गाव कोणी वसवले?' असे विचारले, तर उत्तर तयार असते. गावातले एक घराणे पुढे येते, आपण मूळ वतनदार असल्याचे सांगते आणि शिवछत्रपतींच्या कर्नाटक स्वारीत आपला मूळपुरुष इकडे आला असे बहुधा त्याला जोडते. दुसरे घराणे हळूच सांगते की ते नंतरचे, खरे पहिले आम्हीच. गावाबाहेरच्या माळावर एखादा वीरगळ किंवा नुसता शेंदूर फासलेला दगड असतो. त्याचे घराणे मात्र गावात कोणालाच ठाऊक नसते.

या तिन्हींचा विचार एकत्र करायला हवा, असे आमचे मत आहे. सीमाभागात घराण्याचा इतिहास शोधणे हा नुसता हौसेचा विषय नाही. वारसाहक्क, जातीचे दाखले, जमिनीचे वाद यांसाठी जुनी नोंद लागतेच. शिवाय 'इथे आधी कोण होते' या प्रश्नावर दोन्ही भाषांचे अभिमानी गेली कित्येक दशके एकमेकांशी भांडत आले आहेत. ज्या साधनांच्या आधारावर हे भांडण चालते, ती साधने प्रत्यक्षात काय सांगतात हे पाहायचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले.

प्रथम एक शब्द घेऊ : थळ. संस्कृतातल्या 'स्थल'वरून आलेला हा शब्द आज आपण लग्नाच्या स्थळापुरता ओळखतो, पण देशावरच्या जुन्या गावगाड्यात त्याला नेमका अर्थ होता. गाव वसताना ज्या कुळांनी जमीन तोडून लागवडीस आणली, त्यांच्या वाट्याची जमीन म्हणजे थळ, आणि त्या थळाला त्या कुळाचे नाव. थळाचा धनी तो थळकरी. मिरासदार हा त्याला समांतर असलेला शब्द अरबीतल्या वारसा या अर्थाच्या 'मिरास'वरून आला. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत कर्नल साइक्स याने दख्खनच्या जमीनधाऱ्याची पाहणी केली, तेव्हा त्याला एक गोष्ट विशेष वाटली. गावची सारी जमीन कुळांच्या नावांनी वाटलेली होती आणि कुळ नष्ट झाले तरी थळाचे नाव बदलत नव्हते. अशा नष्ट कुळाची जमीन कागदात 'गतकुळ' म्हणून लिहिली जाई. ती दुसऱ्या कोणाला दिली तरी थळ जुन्याच नावाने चाले.

म्हणजे आपल्या पूर्वजांनी निर्वंश झालेल्या शेजाऱ्याचे नावसुद्धा पुसले नव्हते. ते पुसले गेले एकोणिसाव्या शतकात. १८३५ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी मोजणी सुरू झाली, ती पुढे धारवाड-बेळगावकडेही आली आणि थळांच्या जागी सर्व्हे नंबर आले. सरकारच्या दृष्टीने ती मोठी सोय झाली. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याची मात्र एक वाट तिथे बंद झाली. पूर्ण बंद नव्हे. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर आजही 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. बहुतेक लोक त्याकडे पाहतही नाहीत, अनेकदा तो रिकामाच असतो. पण जिथे भरलेला आहे, तिथे ज्या आडनावाचे एकही घर आता गावात नाही असे आडनाव शेताच्या नावात सापडण्याचा संभव असतो. सीमेपलीकडच्या गावांत हा रकाना नसला, तरी औत हाकणाऱ्या माणसाच्या तोंडी ती नावे आहेत. ती आधी तिथून लिहून घ्यायला हवीत, कारण गाव शहरात मिसळले, शेतात प्लॉट पडले की ती एका पिढीत जातात.

थळाशेजारीच 'कुळ' या शब्दाकडे लक्ष द्यावे. मराठीत कुळ म्हणजे घराणे आणि कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. एकाच शब्दात गावचा मूळ धनी आणि त्याचा कसणारा दोघेही बसले. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने पुष्कळ कसणाऱ्यांना मालक केले, आणि त्या वेळच्या कुळ नोंदवह्या हे घराण्यांच्या शोधाचे एक चांगले साधन होऊन बसले. ज्यांची नावे महजरांत किंवा सनदांत कधीच आली नाहीत, अशी कितीतरी घरे या वह्यांतूनच प्रथम कागदावर दिसतात.

जुन्या गावात नवी वस्ती कशी होत असे, याचीही कागदपत्रे आहेत. दुष्काळाने किंवा लढायांनी गाव ओस पडले की सरकार कौल देई. या आणि लावणी करा. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरवर्षी थोडा चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. १६३० ते १६३२ चा दुष्काळ, पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतल्या धामधुमी, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, मग प्लेग; प्रत्येक वेळी माणसे हलली, गावे रिकामी झाली आणि पुन्हा भरली. म्हणून 'गाव कोणी वसवले' याचे उत्तर एकवचनी नसते. गाव अनेकदा वसलेले असते. आज स्वतःस मूळचे म्हणवणारे घराणे अनेकदा शेवटच्या कौलाने आलेले असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ओसाड शिवार पुन्हा नांगराखाली आणणाऱ्यालाच तर कौल मिळे.

वतनाचे वाद हे या शोधातले सर्वांत भरघोस साधन. पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, दोन्ही वादी आपापली करिना सांगत, म्हणजे मूळपुरुषापासून आजवरची हकीकत. निवाडा महजरात लिहिला जाई आणि जमलेल्यांच्या निशाण्या खाली पडत. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू. इतका तपशील असलेली वंशावळ दुसरीकडे मिळणे कठीण. पण ती वादीने आपल्या बाजूने सांगितलेली वंशावळ असते, हे विसरून चालत नाही. आणखी एक अडचण आहे. पाटीलकी विकली जात असे. निम्मी तक्षीम विकत घेणारा नवा पाटील जुन्याचा भाऊ होऊन मानपानात बसे. दोनतीन पिढ्यांनी दोन्ही घरांना आपण एका रक्ताचे वाटू लागे. खरेदीखत सापडल्यावर हा भ्रम फिटतो आणि मग पुष्कळदा ते खरेदीखत पुन्हा पेटीत जाते.

आता सीमाभागाच्या खास प्रश्नाकडे येऊ. हे सारे कागद मोडीत आहेत. म्हणून ते घराणे मराठी, असा निष्कर्ष आमचे काही मित्र चटकन काढतात. तो टिकत नाही. पेशवाईत आणि कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळात धारवाडपर्यंतच्या दफ्तरात मराठीचा वावर होता. घरी कन्नड बोलणाऱ्या गौडाचा हिशेबही कुलकर्णी मोडीतच लिही. त्याआधी आदिलशाहीत फर्मान फारसीत आणि सोबत मराठी असे द्विभाषिक कागद निघत. त्यावरून गावची भाषा फारसी होती असे कोणी म्हणत नाही. लिपी दफ्तराची भाषा सांगते, चुलीपुढची नव्हे. पण हाच न्याय उलट्या बाजूनेही लागू होतो, आणि तो लावायला पलीकडच्या मंडळींनीही तयार असावे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर बेळगाव जिल्ह्यातल्या नोंदी कन्नडमध्ये होऊ लागल्या. २००० नंतर 'भूमी' प्रकल्पाने उतारे संगणकावर आले तेही कन्नडमध्येच. त्या उताऱ्यावरून घराणे कन्नड ठरत नाही. पंधरा ते वीस टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व १९५६ मध्येच मान्य झाले होते. ते पाळले गेले असते, तर आज पन्नाशीतल्या माणसाला स्वतःच्या आजोबाची जमीन वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागले नसते.

लिप्यंतराने आणखी एक गोंधळ होतो. मराठीतला 'ऱ्य', 'ऱ्ह' यांतला अर्धा र कन्नड लिपीत वेगळा दाखवता येत नाही. चव्हाण हे एकच घराणे एका कागदावर चव्हाण, दुसऱ्यावर चवाण आणि इंग्रजीतून फिरून आलेल्या तिसऱ्यावर चौहान होते. शोध घेणाऱ्याने नावाची एकच वर्तनी धरून बसू नये. तीनही लिप्यांत ते नाव कसकसे पडेल याचा तक्ता आधी करावा आणि मग दफ्तरात शिरावे.

१९५६ ने केवळ माणसे विभागली नाहीत, दफ्तरेही विभागली. चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यात होता; तो तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात आला. चंदगडकडच्या घराण्याची १९५६ पूर्वीची जिल्हा पातळीवरची नोंद शोधायची, तर बेळगावचा विचार करावा लागतो. जुन्या संस्थानी गावांचे आणखी निराळे. सांगली, मिरज, जमखिंडी, रामदुर्ग, मुधोळ, कोल्हापूर यांच्या हद्दी एकमेकींत अशा गुंतलेल्या होत्या की शेजारच्या दोन गावांची दफ्तरे दोन वेगळ्या राजधान्यांत असत. इनामांची चौकशी झालेल्या घराण्यांचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात पोचले, कारण १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने सनदा, कैफियती आणि वंशावळी घराघरांतून मागवून घेतल्या होत्या. त्या कमिशनने कित्येकांची इनामे बुडवली. आज मात्र त्याच चौकशीतले रुमाल आपल्या उपयोगी पडतात.

सरकारी दफ्तराबाहेर जे आहे ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. त्यात पहिला मान हेळव्याचा. सुगी झाली की बैल घेऊन दारात येणारा, घराण्याच्या मूळपुरुषापासून आजच्या तान्ह्या पोरापर्यंत नावे म्हणून दाखवणारा आणि धान्य-कपडा घेऊन पुढे जाणारा हा माणूस बेळगाव, विजापूर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत शेतकऱ्यांच्या दोनतीन पिढ्यांपूर्वीपर्यंत सहज ओळखीचा होता. कन्नडमध्ये ऱ्हस्व एकाराचा 'हेळव' म्हणजे पांगळा आणि दीर्घ एकाराचा 'हेळु' म्हणजे सांगणे. बैलावर बसलेल्या पांगळ्या मूळपुरुषाची कथा हा समाज सांगतो, ती पहिल्या अर्थाशी जुळते. धंदा दुसऱ्या अर्थाशी जुळतो. मराठीत एकाराचे ऱ्हस्व-दीर्घ नसल्याने आपल्या तोंडी दोन्ही एकच झाले, आणि ते काही वाईट झाले नाही.

हेळव्यांची गावे आपसांत वाटलेली असतात. एका घराकडे ठरावीक गावे, ठरावीक कुळे. त्या वहीत कुळ कुठून आले, कोणत्या गावी थांबले, शाखा कुठे फुटल्या, दत्तक कोण गेला हे असते. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या शाखेपर्यंतही हेळवी पोचत असे. त्यामुळे एकमेकांना विसरलेले भाऊबंद त्याच्या वहीत मात्र एकत्र नांदत. लक्षात घेण्याची गोष्ट ही की मराठा, लिंगायत, धनगर अशा निरनिराळ्या जातींची कुळे हा माणूस सांभाळतो, आणि घरी बहुधा कन्नड बोलणारा हेळवी मराठी घराच्या दारात मराठीत नावे सांगतो. मराठी घराण्याचा इतिहास कन्नडभाषक माणसाच्या स्मरणात जपला गेला, हे सीमाभागाचे सत्य आहे. आमच्या चळवळीला त्याची अडचण वाटण्याचे कारण नाही. आमची मागणी आज या गावांत राहणाऱ्या माणसांच्या इच्छेवर उभी आहे. बाराव्या शतकातला शिलालेख कोणत्या भाषेत निघतो किंवा कोणाचा खापरपणजोबा आधी आला यावर ती उभी केली, तर एखाद्या नव्या दगडाने ती आडवी होईल.

दुसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथे गेलेल्या यात्रेकरूने आपल्या वडिलांची, आजोबांची, भावांची नावे सांगून सही किंवा अंगठा दिलेला असतो. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय चोपडी काढतो. शेतकरी घराण्यांत काशीपर्यंत जाणारे थोडे. नाशिकला गेलेले मात्र पुष्कळ निघतात. तिथे जाताना गावाचे जुने नाव आणि जुना परगणा ठाऊक असावा, नाही तर चोपडी हाताशी असूनही नोंद सापडत नाही.

आडनावाकडून मिळणारा पुरावा बहुतेक लोक उलटा वाचतात. येळ्ळूरकर, हलगेकर, जांबोटकर, कोवाडकर या नावांवरून ते घराणे त्या गावचे मूळचे एवढेच निघत नाही. ते घराणे ते गाव सोडून बाहेर पडले हे निघते. येळ्ळुरात राहणाऱ्याला येळ्ळूरकर म्हणण्याचे कारण काय? 'कर' हा निघून गेलेल्याच्या मागे लागतो. सीमेच्या दोन्ही बाजूंची अशी आडनावे नकाशावर मांडली, तर कोणत्या काळी कोण कुणीकडे सरकले याचे बऱ्यापैकी चित्र उभे राहील. हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने दोन वर्षांत करण्यासारखे आहे.

कुलदैवत आणि देवक हेही असेच. गाव बदलले, भाषा बदलली तरी कुलदैवत सहसा बदलत नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडची कितीतरी घरे सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात आणि बेळगावकडची जोतिबाला. खंडोबा आणि मैलार हे तर एकाच देवाचे दोन भाषांतले उच्चार म्हणावेत इतके जवळ. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा अभ्यास करताना दैवताच्या याच धाग्याने भोसले घराण्याचे मूळ दक्षिणेत, होयसळांपर्यंत नेले. ते मत सर्वांना मान्य झाले नाही, काहींना ते रुचलेही नाही. पण दैवतावरून घराण्याची वाट कशी शोधावी याचा तो मराठीतला वस्तुपाठ आहे.

गोव्याचे उदाहरण या सगळ्याहून सरस. तिथे गाव वसवणाऱ्या कुळांची संघटनाच टिकली. गावकरीत गावकार कुळांचे 'वांगड' असत, त्यांचा क्रम ठरलेला, मान त्या क्रमाने, आणि पुरुष वंशजाला उत्पन्नातला 'जण' मिळे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये अफोंसो मेशियाच्या सनदेने या संस्थेचे रिवाज लिहून मान्य केले. पुढे सक्तीचे धर्मांतर झाले, देव फोंड्याकडे गेले, नावे बदलली; वांगड मात्र मोडले नाहीत. त्यामुळे केळशी किंवा कुठ्ठाळीच्या एका मूळपुरुषाचे वंशज आज एकीकडे चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींत आणि दुसरीकडे कवळे-मंगेशीच्या महाजनांच्या यादीत शोधता येतात. पणजीच्या पुराभिलेखागारात गावकरींचे जुने कागद मराठी, पोर्तुगीज आणि गोयकानडी लिपीतही आहेत. गोयकानडी वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके.

मोडीची तशी स्थिती अजून आलेली नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली मोडी दफ्तरे पुन्हा उघडली गेली, हैदराबादची उर्दू-फारसी दफ्तरेही तपासली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. आरक्षणाच्या वादात आम्ही इथे जात नाही. या निमित्ताने गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, आणि शाळांची जुनी जनरल रजिस्टरे यांचे मोल सामान्य माणसाला कळले, हे मात्र चांगले झाले. आमच्याकडे, सीमेच्या या बाजूला, असा शोध कोणी सरकार घेणार नाही. तो ज्याचा त्याने घ्यायचा आहे.

तो घेताना दोन साध्या कसोट्या लावाव्यात. पिढी सरासरी पंचवीस ते तीस वर्षांची धरा. १६७७ पासून आजवर साडेतीनशे वर्षे होतात, म्हणजे बारा ते चौदा पिढ्या. शिवकाळापासून इथे असल्याचे सांगणाऱ्या घराच्या वंशावळीत सातच नावे असतील, तर मधली निम्मी नावे गळली आहेत किंवा कथा मागाहून जोडली आहे. आणि नावे गळतात कशी, तेही पाहावे. आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात. रामजीचा मुलगा भीमजी, त्याचा रामजी, त्याचा पुन्हा भीमजी. नक्कल करणाऱ्याची नजर एका रामजीवरून दुसऱ्यावर जाते आणि मधला बापलेकांचा जोड अलगद नाहीसा होतो. फेरफारातल्या वारसनोंदींशी ताळा घातल्याशिवाय हे कळत नाही. हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली; त्यामुळे साधारण पणजोबापर्यंतचा टप्पा या नोंदींनी पक्का करता येतो. त्यामागे वतन रजिस्टर, त्यामागे इनाम कमिशन, त्यामागे महजर. बलुतेदारांची आणि महारांची घराणी थळांत दिसणार नाहीत. ती १८७४ च्या वतन कायद्याखालच्या रजिस्टरांत शोधावीत.

या साऱ्या कागदांत बाई जवळजवळ नाही. ती दिसते ती विधवा म्हणून, दत्तक घेताना किंवा वारस लागताना. कुळाचा निम्मा इतिहास असा कोराच राहतो. पण कोणत्या गावाशी सोयरीक होती हे कळले, की घराणे कोणत्या बाजूने आले हे पुष्कळदा कळते, कारण लग्ने जुन्या वाटेनेच होत राहतात. माहेरचे गाव जात्यावरच्या ओव्यांत येते, उखाण्यात येते, आजीच्या बोलण्यात येते. सत्तरीपुढची बाई घरात असेल, तर मोडीच्या वर्गाला नाव घालण्याआधी तिच्याजवळ बसावे. तिचे, तिच्या आईचे, सासूचे आणि सासूच्या सासूचे माहेर, आडनाव, देवक आणि कुलदैवत एका कागदावर उतरवून घ्यावे, आणि खाली तारीख घालावी. त्या चार गावांची नावे घेऊन मग हेळव्याचा पत्ता विचारत निघावे. त्याचा मुलगा आता बहुधा मोटारसायकलवरून येतो, वही मात्र अजून त्याच्या घरी असण्याचा संभव आहे.